प्रस्तावना : कुणाला काय ठाऊक नसावं

नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोचा भाव क्रेटवर बोलला जातो आणि क्रेट धरतात वीस किलोचा. मंचरला कांद्याचा भाव दहा किलोवर निघतो. पणन मंडळाच्या तक्त्यात मात्र सगळं क्विंटलवर मांडलेलं असतं. हे आकडे एका पानावर शेजारी शेजारी दाखवायचे, तर आधी ते एका मापात आणायला हवेत. या पुस्तकात पहिल्या प्रकरणापासून शेवटच्या प्रकरणापर्यंत आपण हेच एक पान बांधणार आहोत : जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतले बाजारभाव, मराठीत, साध्या फोनवर उघडणारे.

पान लहान असलं तरी त्यात खाचखळगे भरपूर आहेत. भावाच्या रकान्यात कुणी ‘४५०’ असं देवनागरी आकड्यांत लिहिलं की जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ हे फंक्शन हात वर करतं. उत्तर येतं ‘नॅन’, म्हणजे हा आकडाच नव्हे. तेच जावास्क्रिप्टला मराठीसाठी आकडा छापायला सांगा, ‘१,२३,४५६’ असा लाखाच्या स्वल्पविरामासकट देवनागरीत छापून देतं. हिंदीसाठी सांगितलं तर इंग्रजी आकडे येतात, मराठीला देवनागरी न मागता मिळतात. थोडक्यात, पान जे दाखवतं तेच माणसाने परत लिहिलं तर पानाला ते वाचता येत नाही. ही दुरुस्ती पाच-दहा ओळींची आहे. खरा प्रश्न त्या ओळी कुठे ठेवायच्या हा. क्रेटचे क्विंटल करणाऱ्या फंक्शनमध्ये? तक्ता आखणाऱ्या भागात? की बाहेरचा मजकूर जिथून आत येतो त्या उंबरठ्यावरच, म्हणजे आतल्या कुणाला देवनागरी आकडे नावाची भानगड आहे हे कळायलाही नको?

मी तिसऱ्या जागेच्या बाजूचा आहे, आणि पुढची सगळी प्रकरणं या ना त्या वळणाने त्याच निवडीकडे येतात. कोड अनेक फायलींत विभागला की तो मोड्यूलर झाला, असं आपल्याकडे सर्रास शिकवलं जातं. फायली करणं हे कात्रीचं काम आहे. कुठल्या तुकड्याला काय ठाऊक नसावं हे ठरवणं अवघड, आणि लायब्ररी लिहिणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते. हे गणितासारखं सूत्रातून शिकवता येत नाही. कुणी काय ठरवलं, त्या वेळी ते का शहाणपणाचं वाटलं आणि पुढे त्याचं काय झालं, हे पाहूनच ते अंगी मुरतं. म्हणून या प्रस्तावनेत व्याख्या कमी आणि हकिकती जास्त आहेत.

पहिली हकिकत मूटूल्सची. २००५-०६ हा ब्राउझरच्या लायब्रऱ्यांचा सुगीचा हंगाम होता. डोजो थोडी आधीची, प्रोटोटाइप २००५ची, जेक्वेरी, याहूची वाययूआय आणि वालेरियो प्रोयेत्तीची मूटूल्स २००६च्या. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आणि फायरफॉक्स यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, भाषेत साध्या साध्या सोयी नव्हत्या, आणि एकच काम दोन ब्राउझरांसाठी दोनदा लिहून लोक कंटाळले होते. मूटूल्स तुकड्यांत विभागलेली होती आणि ते तुकडे तुम्हाला निवडता येत. उतरवून घेण्याच्या पानावर हव्या त्या भागांवर खूण करायची. एका भागाला दुसरा लागत असेल तर तो आपोआप निवडला जाई आणि नेमकी तेवढीच फाईल हाती येई. डायल-अपवरून ब्रॉडबँडकडे सरकणाऱ्या त्या काळात ही मोठी सोय होती. त्या पिढीतलं सगळ्यात देखणं जावास्क्रिप्ट मूटूल्सच्या मंडळींनी लिहिलं, असं माझं मत आहे, आणि जेक्वेरीवाल्या मित्रांशी वाद घालून ते बदललेलं नाही.

पण या लायब्ररीने आणखी एक निवड केली होती. भाषेच्या स्वतःच्या वस्तूंना, म्हणजे ॲरे, स्ट्रिंग, फंक्शन यांना, तिने आपल्या सोयी थेट चिकटवल्या. यादीत यादी असेल तर सपाट करणारं ‘फ्लॅटन’ हवं आहे? घाला ॲरेच्या मूळ नमुन्यातच, मग पानावरच्या प्रत्येक यादीला ते आपसूक मिळेल. वाचायला हा कोड फार गोड लागतो. जेक्वेरीने नेमकी उलटी वाट धरली. तिने सगळं आपल्या एका वेष्टनात ठेवलं आणि भाषेच्या मूळ वस्तूंना हात लावला नाही. भाड्याने राहणाऱ्या बिऱ्हाडकरूने घरमालकाच्या भिंतीत खुंट्या ठोकाव्यात की आपला लाकडी स्टँड आणून उभा करावा, असा हा वाद. खुंटी सोयीची असते, आणि घरमालक भिंत रंगवायला येईपर्यंत काही बिघडतही नाही.

घरमालक २०१८मध्ये आला. जावास्क्रिप्टचं प्रमाण ठरवणाऱ्या समितीपुढे याद्या सपाट करण्याची सोय भाषेतच आणण्याचा प्रस्ताव होता आणि तिचं नाव साहजिकच ‘फ्लॅटन’. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती आली आणि मूटूल्सवर चालणारी एक चालू वेबसाइट मोडली. कारण बारकाईने पाहण्यासारखं आहे. मूटूल्स पानावरच्या घटकांची एक वेगळी यादी ठेवते, आणि ॲरेच्या नमुन्यावर मोजणीत जे जे सापडेल ते सगळं एक लूप फिरवून त्या यादीला देते. भाषेने स्वतः दिलेले गुण अशा मोजणीत दिसत नाहीत. मूटूल्सने आपलं फ्लॅटन त्याच नावावर लिहिलं तेव्हा आतली व्याख्या बदलली, पण ‘मोजणीत दिसू नये’ ही भाषेने मारलेली खूण तशीच राहिली. लूपला ते दिसलं नाही, घटकांच्या यादीला ते मिळालं नाही, आणि ज्या ओळीने त्यावर भरवसा ठेवला होता ती कोसळली. कुणीही चुकीची ओळ लिहिली नव्हती. बारा वर्षांपूर्वीच्या एका लायब्ररीने गृहीत धरलं होतं की भिंतीवर नंतर आणखी कुणी काही टांगणार नाही.

प्रस्ताव मांडणाऱ्याने गमतीने ‘स्मूश’ असं नाव सुचवलं आणि त्यावरून काही आठवडे बरीच धुळवड झाली. अखेर मे २०१८मध्ये ‘फ्लॅट’ हे नाव ठरलं आणि ते २०१९च्या प्रमाणात आलं. आज आपण ‘फ्लॅट’ लिहितो ते यामुळे. यादीत एखादी गोष्ट आहे का हे विचारणारं ‘इन्क्लूड्स’ही आधी ‘कंटेन्स’ होणार होतं, तेही मूटूल्सशी टक्कर झाली म्हणूनच बदललं. वेबची एक अलिखित रीत आहे : जुनी पानं मोडायची नाहीत. त्यामुळे एका लायब्ररीची आवड साऱ्या जगाच्या भाषेत कायमची उतरली. आपल्या बाजारभावाच्या पानात भाषेच्या मूळ वस्तूंना आपण कुठेही हात लावलेला नाही, तो या हकिकतीमुळे.

दुसरी हकिकत मराठीच्या अगदी दारातली आहे. टिम वुडने २०११मध्ये सुरू केलेली मोमेंट ही तारखा-वेळांची लायब्ररी तुम्ही नाव न ऐकताही शेकडो वेळा वापरली असेल. ‘एका तासापूर्वी’, ‘काही सेकंदांपूर्वी’ अशी जी वाक्यं पानांवर दिसतात त्यातली बरीच तिची. इंग्रजीत हे काम सोपं असतं : ‘एक तास’ला जो शब्द, तोच ठेवून पुढे ‘अगो’ जोडला की झालं. मराठीत तसंच जोडलं तर ‘एक तासपूर्वी’ होतं आणि वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. आपल्याकडे शब्दाचं आधी सामान्यरूप व्हावं लागतं : एक तास, पण एका तासापूर्वी, एक महिना, पण एका महिन्यापूर्वी, काही सेकंद, पण काही सेकंदांपूर्वी.

मोमेंटच्या गाभ्याला सामान्यरूप म्हणजे काय हे माहीत नाही, आणि माहीत असण्याचं कारणही नाही. ती भाषेच्या फाईलला शब्द मागताना सोबत हेही सांगते की याला पुढे काही जोडलं जाणार आहे की तो एकटाच उभा राहणार आहे. मराठीची फाईल तेवढ्यावरून ठरवते : एकटा असेल तर ‘एक मिनिट’, जोड असेल तर ‘एका मिनिटा’, आणि मग गाभा त्याला ‘पूर्वी’ किंवा ‘मध्ये’ लावतो. एका हो-नाहीच्या खुणेवर सगळं व्याकरण निभावलं. देवनागरी आकड्यांचंही तसंच. मजकूर आत येताना आणि बाहेर जाताना भाषेच्या फाईलला एकेक संधी दिली जाते, ती आकडे बदलून देते, आणि गाभा आयुष्यभर इंग्रजी आकड्यांतच हिशेब करतो. आपल्या ‘४५०’चा उंबरठा कुठे असावा, याचं उत्तर इथे तयारच आहे. त्याच फाईलने दिवसाचे भाग पाडले तेही आपल्या पद्धतीने : पहाटे, सकाळी, दुपारी, सायंकाळी, रात्री. दोनच भागांत दिवस कापणाऱ्या घड्याळाची सक्ती गाभ्याने केली असती तर पहाटेला जागा राहिली नसती. ज्याने कुणी गाभ्यात हा निर्णय भाषेवर सोडला, त्याला मराठी येत नसणार. तरीही मराठीची सोय झाली, हे मला या रचनेचं मोठं यश वाटतं.

आणि याच लायब्ररीबद्दल सप्टेंबर २०२०मध्ये तिच्याच चालकांनी सांगून टाकलं की नव्या कामाला हिला घेऊ नका, आता फक्त डागडुजी होईल. हेही समजून घेतलं पाहिजे. भाषांच्या फायली वेगळ्या होत्या खऱ्या, पण गाभा त्यांना नावाने हाक मारायचा आणि ते नाव पान चालू असताना ठरायचं. सगळे तुकडे एका गठ्ठ्यात बांधणाऱ्या वेबपॅकसारख्या साधनाला आधी कळणार कसं की कुठली भाषा लागेल? त्यामुळे जास्तीचं काही सांगितलं नाही तर ते सगळ्याच भाषा गठ्ठ्यात घालायचं. डिंभे धरणाच्या वर आहुप्याच्या खोऱ्यात, जिथे सिग्नल येतो-जातो, तिथल्या फोनवर मराठी तारखेसोबत आइसलँडच्या भाषेतले महिनेही उतरायचे. शिवाय मोमेंटची सगळी कामं एकाच वस्तूला लटकलेली होती. लागत नाही तेवढं गाळून टाकणारी साधनं रोलअपने २०१५नंतर रुळवली. एकमेकांत न गुंतलेली फंक्शनं त्यांना सहज गाळता येतात, एका वस्तूला लटकलेली नाही. फायली वेगळ्या, पण बांधताना सगळं एक : पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात हाच सापळा आपण मुद्दाम लावतो आणि मग त्यातून बाहेर पडतो. आज ‘१ तासापूर्वी’ आणि ‘२ तासांपूर्वी’ हे ब्राउझर स्वतःच करतो, लायब्ररीची गरजही उरलेली नाही. कुठलं ज्ञान कुठे असावं याची सीमा अशी काळाप्रमाणे सरकत राहते.

तिसरी हकिकत लहान आहे, पण मला सगळ्यात जवळची. मराठी विकिपीडियावर टंकन करताना ‘अक्षरांतरण’ हा पर्याय निवडता येतो. त्यामागे विकिमीडियाच्या मंडळींनी २०१२च्या सुमारास बांधलेली जेक्वेरी-आयएमई ही लायब्ररी आहे. आधी हे काम ‘नारायम’ नावाचा विस्तार करायचा, पण तो विकीच्या यंत्रणेला जखडलेला होता. तो सोडवून कुठल्याही पानावर चालेल असा केला. तिचं इंजिन लहान आहे : शेवटची काही अक्षरं आणि नुकतीच दाबलेली कळ पाहायची, नियमांच्या यादीत वरून खाली पहिला जुळणारा नियम शोधायचा आणि अक्षरं बदलायची. रोमन कळांनी जुन्नर लिहायला लागा. जे दाबल्यावर ‘ज्’ उमटतो, यू दाबल्यावर ‘जु’. दोनदा एन आणि मग ए, की ‘जुन्न’. शेवटी आर दाबून थांबलात तर ‘जुन्नर्’ असा पाय मोडलेला राहतो, आणखी एक ए दाबावा लागतो. इंजिनाला यातलं काही ठाऊक नाही. हलन्त काय, काना काय, सगळं मराठीच्या नियमांच्या फाईलमध्ये, जोड्या-जोड्यांच्या यादीत. ती फाईलसुद्धा तुम्ही मराठी निवडल्यावरच उतरते. याचा फायदा तांत्रिक आहे त्याहून माणसांचा अधिक आहे. जावास्क्रिप्ट जेमतेम येणारा, पण मराठी चांगलं येणारा माणूस नियम वाचू शकतो, एखादा चुकीचा पकडू शकतो. मंचरच्या मराठीच्या शिक्षकाला आणि अवसरीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलाला एकाच फाईलवर डोकं लावता यावं, अशी ही मांडणी आहे.

मग जितके लहान तुकडे तितकं बरं का? मार्च २०१६मध्ये एका नाराज लेखकाने आपलं लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं पॅकेज एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरातल्या मोठमोठ्या प्रकल्पांची बांधणी अडली. अकरा ओळींसाठी परक्याच्या दारावर अवलंबून राहायचं नाही, एवढं त्यातून घ्यावं आणि पुढे जावं. या प्रकरणावर आधीच गरजेपेक्षा जास्त लिहून झालं आहे.

आता खोडदच्या दुर्बिणीबद्दल, कारण तीही तुकड्यांनीच बांधलेली आहे. जुन्नर तालुक्यातल्या वाचकाला तिच्या तबकड्या दाखवायला नकोतच, नारायणगावहून जाताना लांबूनच दिसतात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा मधल्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या जागेत आणि सोळा तीन भुजांवर, पार २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. एकच अवाढव्य तबकडी बांधण्याऐवजी सारख्या तीस बांधायच्या, पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी ताणायची म्हणजे वाऱ्याचा जोर आणि खर्च दोन्ही कमी, हा निर्णय गेल्या शतकातला. तुकड्यांनी बांधण्याचं याहून मोठं उदाहरण आपल्या आसपास नाही, म्हणून ते पुस्तकात येतं.

२००२पासून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ ही दुर्बीण वापरत आहेत. पुढच्या दशकात तिचा कायापालट झाला. एका वेळी ऐकता येणारा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. रिसीव्हर बदलले, संदेश गोळा करणारी मागची यंत्रणाही नवी आली. तबकड्या मात्र त्याच राहिल्या. विशेष म्हणजे जुनी आणि नवी यंत्रणा बराच काळ शेजारी शेजारी चालत राहिली आणि निरीक्षणं फारशी थांबली नाहीत. मागची नवी यंत्रणा ज्या बोर्डांवर उभी आहे ते ‘कॅस्पर’ या बर्कलीला सुरू झालेल्या सहकार्यातून आले. तिथे रेडिओ दुर्बिणींना लागणारे सुटे भाग आणि त्यांच्यावर चालणाऱ्या रचना सर्वांसाठी खुल्या ठेवल्या जातात. एका दुर्बिणीसाठी केलेला ठोकळा दुसरीच्या कामी यावा, अशी ही हार्डवेअरची लायब्ररीच म्हणायची.

तबकड्यांची नावंही पाहण्यासारखी आहेत. मधल्या चौदांना सी-०० ते सी-१४, पण त्यात सी-०७ नाही. पूर्व भुजेत ई-०१ नाही, दक्षिणेत एस-०५ नाही. यादी सलग दिसावी म्हणून कुणी नव्याने क्रमांक घातले नाहीत. ज्या नावाने इतरांचा कोड हाक मारतो ते नाव सुबकपणासाठी बदलायचं नसतं, हे नवशिक्या प्रोग्रामरला समजावताना मी हीच यादी फळ्यावर लिहितो. अन् तीस तबकड्या कितीही स्वतंत्र असल्या तरी एका बाबतीत त्यांना स्वातंत्र्य नाही. वेळेचा ठोका मधल्या केंद्रातूनच ऑप्टिकल फायबरवरून सगळ्यांकडे जातो. प्रत्येकीने आपापलं घड्याळ लावलं असतं तर तीस तबकड्यांची मिळून एक दुर्बीण झाली नसती. आपल्या पानात अशा दोनच गोष्टी आहेत, आजची तारीख आणि निवडलेलं माप. त्या एकाच जागी ठेवल्या आहेत आणि बाकी कुणीही त्यांची स्वतःची प्रत बाळगत नाही.

पुस्तकाच्या आखणीविषयी थोडं. पहिली तीन प्रकरणं माप, आकडे आणि तक्ता यांची, चौथं गठ्ठा बांधण्याचं. पाचव्यात मराठी मजकुराचे खास प्रश्न आहेत. ‘जुन्नर’ या शब्दाची लांबी जावास्क्रिप्ट ६ सांगतं, वाचणारा ३ मोजतो. गावांची यादी संकेतांकाच्या क्रमाने लावली की आळे आधी आणि आहुपे नंतर येतं, कारण तिथे ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसवलं आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. हे दोन्ही प्रश्न सोडवणारे तुकडे बाकीच्या पानापासून अलग ठेवले आहेत, म्हणून ज्यांना घाई आहे त्यांनी थेट पाचव्यापासून सुरुवात केली तरी अडणार नाही. रिॲक्ट, व्ह्यू यांच्यावर प्रकरण नाही. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, पण त्यांनी सीमा आधीच आखून दिलेल्या असतात आणि इथे त्या स्वतः आखण्याचा सराव करायचा आहे.

शेवटच्या प्रकरणातला स्वाध्याय एकट्याने करता येत नाही. आपण लिहिलेला मापांचा तुकडा शेजाऱ्याला द्यायचा, त्याचा आपण घ्यायचा, आणि बाकीच्या एकाही फाईलला हात न लावता पान चालवून दाखवायचं. न चालल्यास कोणाला काय जास्तीचं ठाऊक होतं ते दोघांनी मिळून शोधायचं, त्याला एक दुपार तरी जाते. पुस्तकात दिलेली मापांची यादी नमुन्यादाखल आहे. ओतूरचा कांदा, आळेफाट्याचा कांदा, पालेभाजीची जुडी यांची मापं आपापल्या बाजारात सकाळी जाऊन विचारून घ्यावीत, आणि ती फाईल भरूनच दुसरं प्रकरण उघडावं.